माय, मी कंपनीत जाऊ का?

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. माझी नळी आता कडक झाली आहे आणि हल्ली मला सारखी भीती वाटते.

सोनालीला सुरतच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा तिच्या आईने, उषाबाईंनी, मला आधी घरच्या कानबाई देवीपुढे ठेवलं आणि मग लेकीच्या गळ्यात घातलं. पुढे सोनाली तिथेच शिकवू लागली. रुग्णाला गार लागू नये म्हणून ती माझी चकती आधी तळहातात धरून ऊबदार करी. मला धन्य वाटे.

मग हैदराबादच्या एका औषध कंपनीने तिला बोलावलं. फुप्फुसांच्या नव्या औषधाचं संशोधन होतं. काम मोलाचं होतं, पण तिथे रुग्ण तपासायचे नव्हते. कपाटात पडून मला तडे जाणार, या विचाराने धडकी भरली.

दसऱ्याला सुरतेतल्याच लिंबायतच्या घरी हत्यारांची पूजा मांडली. धुडकूआबांचा पाना आणि शेजारी मी. सोनालीचे हे वडील पांडेसऱ्यात कापड रंगवण्याच्या कारखान्यात राबलेले. उषाबाई मला कुंकू लावत असताना सोनाली हळूच म्हणाली, "माय, मी कंपनीत जाऊ का?"

उषाबाईंचा हात थांबला. त्यांच्या लेखी कंपनी एकच, रंगाची. "तुना बाप कंपनीमा गया, छाती खराब करी लिधी. आते तू बी जाशी?"

सोनालीला हसू आलं. ही कंपनी औषधांची, असं तिने समजावलं. आबा खोकत खोकत हसले. रंगाचा खोकला गल्लीत सगळ्यांनाच, म्हणून घरात त्याकडे कुणाचं लक्षच नसे.

उषाबाई शांतपणे म्हणाल्या, "यासनी छातीले तू कधी नळी लाई का?"

सोनालीने मला तळहातात धरलं, पण हात गारच होता. आबांच्या पाठीवर टेकताच मला ऐकू आलं, चिकटपट्टी उपटावी तसं, बारीक, प्रत्येक श्वासाला. फुप्फुसं कडक होत चालल्याची ती खूण होती. कुंकू माझ्यावर ओलंच होतं.

तिने कंपनीला नकार कळवला. औषध यायचं तेव्हा येईल, तोवर हा आवाज ओळखणारे कान तयार करायला हवेत, एवढंच ती म्हणाली.

आज आबा स्वतःहून तिच्या विद्यार्थ्यांपुढे बसले आहेत. मी एकेकाच्या कानातून फिरतो आहे. कुणी "काही नाही" म्हणेल का, याचीच भीती वाटते.

मित्रांनो, माझी नळी फाटली तर नवी आणता येईल. घरातल्या खोकल्याची मात्र सवय होऊ देऊ नका.