पेटी किती उंचावर लावायची

आमच्या घरात चालणारं नाक एकच आहे आणि ते माझं आहे. बाबांचंही चांगलं आहे, पण बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, त्यामुळे ते नाक बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी गावात असतं. आईचं नुसतं दिसायला. ती मोठ्या तापातून उठली तेव्हा ताकद परत आली, भूक परत आली, माझ्यावर ओरडणंही परत आलं. वास तेवढा आला नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. आम्ही अजून बघतोय.

एरवी वासावाचून माणसाचं फारसं अडत नाही. पण आई घरी पाव आणि बिस्किटं भाजून आसपासच्या दुकानांना देते. भट्टी गॅसवर चालते आणि सिलिंडर ओट्याखाली असतो. त्यामुळे आमच्याकडे एक पद्धत पडून गेली. सकाळ-संध्याकाळ भट्टी पेटवायच्या आधी आई हातात लायटर घेऊन थांबते आणि मला हाक मारते, "ये गं, वास घे." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते, डोळे मिटून लांब श्वास घेते आणि म्हणते, "पेटव." मग ती पेटवते. यात सुट्टी नाही. मला सर्दी झाली की आईचा चेहरा असा होतो की वाटावं मी ती मुद्दाम करून घेतली. मग शेजारच्या काकूंना बोलवावं लागतं आणि काकू वास घेता घेता बिस्किटंही घेऊन जातात.

मला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात शिकायला जायचं होतं. तिथे खऱ्या प्रयोगशाळा आहेत, काचेच्या कपाटाला कुलूप घालून नुसत्या दाखवायच्या नाहीत. बाबा नाही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तू गेलीस तर वास कोण घेणार?" मी चिडून ताटावरून उठले आणि थोड्या वेळाने परत येऊन जेवले.

मग मीच पेटी शोधून काढली. गॅस गळायला लागला की किंचाळणारी, हातभरही नसलेली पांढरी पेटी. बाबांनी ती एका फेरीत आणली. तिच्यासोबतच्या कागदावर बऱ्याच भाषा होत्या, आमची सोडून. चित्रं दोन होती. एकात पेटी छताजवळ, दुसऱ्यात जमिनीजवळ. मोबाइलवर शोधलं तर अर्धे लोक म्हणत होते वर लावा, अर्धे म्हणत होते खाली, आणि मग ते एकमेकांच्या अकला काढत होते.

बाबांनी ड्रिल घेतलं आणि पेटी वर लावून टाकली. धूर वर जातो तसा गॅसही वरच जाणार, शिवाय वर असली की पिठाचे हात लागणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, मी वाचलंय. त्यावर ते म्हणाले, वाचणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं. तुझ्या सरांना विचार, ते खाली म्हणाले तर खाली लावू. पेटी योग्य जागी आहे याची खात्री झाली की तू खुशाल जा.

म्हणजे माझं सगळं पुढचं आयुष्य सरांच्या एका वाक्यावर येऊन बसलं.

आमच्या सरांना सगळे 'पुढे सर' म्हणतात. ते फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही शिकवतात, पोर्शन नेहमी मागे पडलेला असतो, घसा कायम बसलेला असतो, आणि गालात खोकल्याची गोळी ठेवून ते प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी म्हणतात, "पुढे." मला वर्गात 'पणबाई' म्हणतात. माझे प्रश्न 'पण'ने सुरू होतात म्हणून. पुढे सर आणि पणबाई. आमचं जमणार कसं?

वायूंचा धडा आला तेव्हा सरांनी त्यांचा आवडता प्रयोग केला. पंखा बंद केला, टेबलावर सेंटची बाटली उघडून ठेवली आणि म्हणाले, वास आला की हात वर करा. पहिल्या बाकाचे हात वर गेले, मग दुसऱ्याचे, मग मधल्यांचे. मी शेवटच्या बाकावर हात खाली ठेवून बसले होते, कारण आला नव्हता. माझ्या शेजारणीने वास यायच्या आधीच हात वर केला, कारण तिला पुढचं शिकून घरी जायचं होतं.

सर सांगत होते की रेणू सतत धावत असतात, बंदुकीच्या गोळीच्या वेगाने. मी उभी राहिले. पण इतके जोरात धावतात तर शेवटच्या बाकापर्यंत यायला एवढा वेळ का? सर म्हणाले, वाटेत हवेच्या रेणूंवर आपटतात, वाकडेतिकडे जातात. ठीक आहे. पण मग जड रेणू खाली जातात की वर? सर म्हणाले, वायू सगळीकडे सारखा पसरतो, पुस्तकात चौकटीत दिलंय. पण जड असले तर? वर्गात कुजबुज सुरू झाली. सर म्हणाले, जड रेणू खाली बसत असते तर आपण उच्छ्वासात सोडतो तो वायू खाली साठला असता आणि जमिनीवर झोपणारी माणसं सकाळी उठली नसती. उठतात ना?

सगळे हसले. मलाही उत्तर पटलं, त्याचाच जास्त राग आला.

मी शेवटचं विचारलं, "म्हणजे खोलीत गॅस सुटला तर वर आणि खाली सारखाच असेल?"

"शेवटी सारखाच," सर म्हणाले आणि गोळी या गालातून त्या गालात नेली. "हे परीक्षेला नाही. पुढे."

बाबांचा फोन आला तेव्हा मी नाइलाजाने सांगितलं की सर म्हणतात सगळीकडे सारखाच. बाबा खूश झाले. मग राहू दे वरच, म्हणाले, आणि आता खात्री झालीच आहे तर तू जा. मला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि तरी मला बरं वाटत नव्हतं. दोन चित्रांमधलं खालचं चित्र मग कशाला होतं?

त्यानंतर आईने सकाळ-संध्याकाळची हाक बंद करावी असं ठरलं. तिने ती बंद केली नाही. पेटीकडे ती अशी बघायची, जसं कोणी फुकट राहणाऱ्या पाहुण्याकडे बघतं. मी चिडायचे. सरांनी सांगितलंय, बाबांना पटलंय, मग मी का दारात उभं राहायचं? आई म्हणायची, "तू आहेस तोवर घे. गेलीस की ती घेईल."

एका संध्याकाळी जादा तास होता आणि मला उशीर झाला. घरी आले तर आई ओट्यापाशी लायटर घेऊन उभीच होती. कणीक फुगून टोपाच्या बाहेर यायला लागली होती. कणकेला वारा लागू नये म्हणून ती खिडक्या बंद ठेवते, दुपारपासून सगळं बंद होतं. तिने लवकर वास घ्यायला सांगितलं. मी बुटांसकट तशीच स्वयंपाकघराच्या दारात गेले. डोळे मिटले, श्वास घेतला. यीस्टचा आंबूस वास, बाकी काही नाही. वर पेटी गप्प होती, तिचा हिरवा दिवा शांतपणे लागलेला होता.

मी 'पेटव' म्हणणारच होते. तेवढ्यात आईचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं.

"बूट काढ आधी. आत्ता फरशी पुसलीये."

कपाळावर आठ्या घालून मी नाडी सोडायला खाली वाकले. आणि गुडघ्याच्या उंचीवर तो वास मला आला. सडक्या कोबीचा, भरभरून, नाकात शिरून डोळ्यांत पाणी आणणारा. मी उभी राहिले. नाही. वाकले. आहे. बादलीत पाणी भरावं तसा गॅस खोलीत भरत होता आणि मी त्याच्यावर नाक काढून उभी होते.

"आई, लायटर खाली ठेव," मी म्हटलं. "दाबू नकोस. नुसता ठेव."

तिने माझ्याकडे बघितलं आणि ठेवला. मग सवयीने तिचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला. मी तो धरला, इतका घट्ट की नंतर तिच्या मनगटावर माझ्या बोटांच्या खुणा दिसत होत्या. मी ओट्याखाली हात घालून सिलिंडर बंद केला, मागचं दार सताड उघडलं आणि आम्ही दोघी अंगणात जाऊन उभ्या राहिलो. भट्टीच्या मागची रबरी नळी उष्णतेने कडक होऊन चिरली होती, हे नंतर दुरुस्तीवाल्याने दाखवलं. छताजवळची पेटी तेवढा वेळ एकदाही वाजली नाही. कणीक सगळी वाया गेली. आई त्याबद्दल हळहळत होती.

बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले की आता तर तू कुठेही जायचं नाहीस. नशीब तू घरी होतीस.

मी घरी होते म्हणून वाचलो, आणि मी घरी होते म्हणूनच आता कायम घरी राहायचं. हा कुठला न्याय? मी फोन ठेवला आणि उशीवर बुक्क्या मारल्या. उशीचा काय दोष होता म्हणा.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी सरांना जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. मध्ये एकदाही त्यांना 'पुढे' म्हणू दिलं नाही. ते खालच्या पायरीवर थांबले. चेहरा उतरला होता. मग त्यांनी नीट समजावलं, घसा बसलेला असतानाही. दोन्ही खरं आहे. आपल्या श्वासातला वायू थोडा थोडा सुटतो आणि हालत्या हवेत लगेच मिसळतो. सिलिंडरचा गॅस एका जागेतून जोरात बाहेर पडतो, जड असतो, तो आधी खाली ओतला जातो. मिसळायला त्याला वेळ लागतो. नळाने येणारा गॅस हलका असतो, त्याच्यासाठी पेटी वर लावतात. म्हणून दोन चित्रं.

"मी म्हणालो होतो, शेवटी सारखा होतो," सर म्हणाले.

"शेवटी म्हणजे कधी?"

"खोली बंद असेल, हवा हलत नसेल, तर कितीतरी तास. जास्तही."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू घरचं विचारत होतीस हे मला कळलंच नाही. मला वाटलं, तू नुसता प्रश्न विचारतेयस."

मी पायऱ्या उतरून निघून आले. नुसता प्रश्न असता तरी त्याला उत्तर नको होतं का, हे रस्त्यात सुचलं, पण तेव्हा सर समोर नव्हते.

घरी आले तर आई फरशीवर मांडी घालून बसली होती, मांडीत बाबांचं ड्रिल. छताजवळ दोन भोकं तशीच राहिली होती. पेटी गुडघ्याएवढ्या उंचीवर आली होती, जरा तिरकी. मी सरांचं सांगायला लागले तर तिने हातानेच थांबवलं. काल तू वाकल्यावर वास आला, त्यात सरांना काय विचारायचंय, म्हणाली. सिलिंडर बाहेर होता, दारं उघडी होती. मग तिने बाबांचा सिगारेटचा लायटर घेतला, ज्योत न लावता नुसता गॅस सुटेल असा पेटीसमोर दाबून धरला. पेटी अशी किंचाळली की शेजारच्या काकू लाटणं घेऊन धावत आल्या. आई हसली. कितीतरी दिवसांनी.

संध्याकाळी दुरुस्तीवाला नवी नळी बसवून गेल्यावर तिने बाबांना स्वतः फोन केला. मी दाराआड होते. ती फार बोलली नाही. पेटी आता खाली आहे, मी वाजवून बघितलीये, पोरगी जाईल, एवढंच म्हणाली. बाबा बराच वेळ बोलत राहिले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि परत तेच म्हणाली, पोरगी जाईल. फोन ठेवल्यावर तिने मला दाराआडून बाहेर बोलावलं.

"आता तू नसलीस तरी चालेल," ती म्हणाली.

वर्षभर मी हेच ऐकायला आसुसले होते. ऐकलं तेव्हा मात्र भयंकर राग आला. कोणावर, ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली आणि मी हाकेची वाट बघत अंथरुणात पडून राहिले. हाक आली नाही. लायटरचा खट्ट आवाज आला आणि भट्टी पेटल्याचा भपका. मी तशीच पडून राहिले. बऱ्याच वेळाने पावाचा वास दारातून, पडद्याजवळून, पांघरुणापर्यंत आला. आधी चांगला, मग किंचित कडू.

मी धावत गेले. आई भट्टीच्या काचेसमोर डोळे बारीक करून उभी होती, घड्याळ शेजारी ठेवून, रंगावरून अंदाज घेत. मी ट्रे बाहेर ओढला. खालची बाजू काळी पडली होती, वरून काही दिसत नव्हतं. करपलेलं सांगणारी पेटी मी मोबाइलवर शोधली नव्हती.

"हे कोण सांगणार तुला?" मी म्हटलं. माझा आवाज नको तितका चढला होता.

आईने एक पाव उलटा केला आणि सुरीने काळं खरवडायला घेतलं.

"करपू देत थोडे," ती म्हणाली. "तू जा."