दाजींना मी सोडलं नाही

मी एक जुना शॉकॲब्सॉर्बर आहे, आणि माझा स्वभाव चांगला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की आम्हाला फसवलं. जुनी छत्री, जुनं घड्याळ, जुनी सायकल यांच्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. बिचारी सगळं सोसतात आणि शेवटी तुम्हाला आशीर्वाद देतात. मी तसला नाही, मित्रांनो. ज्याने माझा अपमान केला त्याला मी सोडलं नाही, आणि ते सांगताना मला आजही गुदगुल्या होतात.

मोटारीच्या प्रत्येक चाकाच्या मागे एक जाड स्प्रिंग असते आणि तिच्या पोटात तेलाने भरलेली एक नळी असते. ती नळी म्हणजे मी. खड्डा आला की स्प्रिंग उड्या मारायला लागते आणि मी तिला आवरतो. गॅरेजमध्ये आम्हाला शॉकअप म्हणतात. आम्ही चार भाऊ, चार चाकांना चार. मी पुढचा, चालवणाऱ्याच्या शेजारी जी सीट असते तिच्या बाजूचा.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे आम्हाला यंत्रावर चढवून इतकं वरखाली दाबलं की कुणाचाही जीव मेटाकुटीला आला असता, पण आमच्यापैकी एकानेही तेलाचा थेंब गाळला नाही. आमच्या अंगात दोन गुण होते. खाली आटे पाडलेली एक कडी होती. ती वरखाली फिरवली की गाडी उंच किंवा बुटकी व्हायची. आणि डोक्यावर एक नॉब होता. तो एका अंगाला फिरवला की मी कडक, दुसऱ्या अंगाला फिरवला की मऊ. महागड्या शर्यतीच्या शॉकअपमध्येही याहून फार वेगळं काही नसतं. त्यांचा फक्त तोरा मोठा.

आमच्या मालकांचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांच्याकडे दोन दारांची, दोनच सीटची लाल स्पोर्ट्स कार होती. लग्नाआधी हौसेने घेतलेली. लग्नानंतर तीच घरातली एकुलती एक गाडी झाली. मालकीणबाई घरी केक करून विकायच्या. त्यामुळे सकाळी मालक त्या गाडीतून दुकानात जायचे आणि दुपारी तिच्याच डिकीतून केक लोकांच्या घरी पोचायचे. जुने शॉकअप गळायला लागले, तेव्हा दोघं नवे बघायला दुकानात आले.

मालकांची नजर शर्यतीच्या शॉकअपवर गेली. किंमत ऐकून त्यांनी नजर काढून घेतली. मग दुकानदाराने एकदम स्वस्तातले दाखवले. त्यांच्या स्प्रिंगा निळ्या, चकचकीत होत्या, पण डोक्यावर नॉब नव्हता.

"म्हणजे हे कडक असतील तर कायमचेच कडक?" मालकीणबाईंनी विचारलं.

"कायमचेच."

"मग नकोत. रोज चालवायची गाडी आहे आमची. रोज उठून आम्ही काय शर्यतीला जातो?"

तेव्हा दुकानदाराने मला टेबलावर उभं केलं. नॉब कडक करून वरून तळहाताने दाबलं. मी जागचा हललो नाही. मग मऊ करून दाबलं. मी अलगद खाली गेलो.

"ओव्हनचं बटण असतं ना बाई, तसंच समजा," तो म्हणाला.

"हेच द्या," मालकीणबाई म्हणाल्या. मला कुणीतरी रंग बघून नाही, तर काम बघून निवडलं होतं. मी तेव्हाच मनात म्हटलं, या बाईसाठी वाटेल ते करीन.

पण घरी दाजींची सारखी ये-जा होती. दाजी म्हणजे मालकांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते टायरच्या दुकानात हिशेब लिहायचे. टायरला हात लावताना त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं, पण गाडीचा विषय निघाला की घरात दाजींचाच शब्द शेवटचा. घरचा जावई, त्याला नाही कोण म्हणणार?

"गॅरेजला कशाला नेतोस? मी आहे ना!" दाजी म्हणाले. मग अंगणात मालक गाडीखाली झोपले आणि दाजी खुर्चीवर बसून हुकूम सोडू लागले. कडी उतरवून उतरवून त्यांनी गाडी पार जमिनीला टेकवायची बाकी ठेवली. मग उठून स्वतःच्या हाताने चारही नॉब कडक करून टाकले.

मालकीणबाई दारातून म्हणाल्या, "दाजी, थोडं मऊ ठेवू या का? डिकीत माझे केक असतात."

"वहिनी, ही स्पोर्ट्स कार आहे, पाळणा नाही!" दाजी हसले. मालकही हसले. मालकीणबाई हसल्या नाहीत.

मित्रांनो, गाडी इतकी खाली बसवली की मला हलायला जागाच उरत नाही. जरा खड्डा आला की मी तळाच्या रबरावर जाऊन आपटायचो. धाड! माझी हाडं खिळखिळी व्हायची, वर बसलेल्यांचे मणके खिळखिळे व्हायचे, आणि डिकीतल्या केकची तर काय कथा! पहिल्याच आठवड्यात एका लहान मुलीच्या वाढदिवसाचा केक मधोमध दुभंगला. मालकीणबाईंनी त्या घरी उभ्या उभ्या माफी मागितली आणि परत येऊन दुसरा केक करायला घेतला. त्या क्रीम फेटत होत्या आणि रडत होत्या. पुढच्या आठवड्यात एक केक नुसताच कलला, पण गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

त्या संध्याकाळी दाजी आले. मालकांनी भीत भीत विषय काढला. दाजी अंगणात आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "डबडी आहेत रे, डबडी! स्वस्त माल आणला की असंच होणार. तरी मी सांगत होतो." त्यांनी काहीही सांगितलं नव्हतं! मग त्यांनी माझ्या चाकाला बुटाची एक लाथ घातली, आणि वर बूट खराब झाला म्हणून तो रुमालाने पुसला.

डबडं! मला! ज्याने कारखान्यात थेंब गाळला नाही, त्याला! स्वतःच्या हाताने मला घट्ट आवळायचं, माझी जागा काढून घ्यायची, आणि मग भर अंगणात लाथ मारायची! मालक शेजारी उभे राहून मान डोलावत होते. मला त्यांचाही राग आला, पण नुसती मान डोलावणाऱ्याचा काय सूड घ्यायचा! माझं वैर दाजींशी. मी ठरवलं, हा माणूस कधी ना कधी माझ्या बाजूच्या सीटवर बसेल. तेव्हा बघतो.

अशात मालकीणबाईंना एक मोठी संधी आली. गावातल्या मोठ्या सभागृहाच्या व्यवस्थापक बाईंनी त्यांना निरोप धाडला. रविवारी तीन मजली केक आणा, जसा घरून निघाला तसा टेबलावर आला, तर यापुढचे सगळे केक तुमचेच. मालकीणबाईंना कधीपासून स्वतःचं दुकान काढायचं होतं. घरच्या ओट्यावर, भाजीच्या पातेल्यांना सरकवून सरकवून केक करण्याचा त्यांना कंटाळा आला होता. हा केक फुटला असता तर ते दुकान राहिलं असतं स्वप्नातच.

"आपण व्हॅन भाड्याने घेऊ या," मालक म्हणाले.

"एका दिवसापुरती घ्याल. मग दर आठवड्याला काय करणार?" मालकीणबाई म्हणाल्या. "अहो, त्या दुकानदाराने काय दाखवलं होतं, आठवतंय का? आपण ते नॉब मऊ करून का बघत नाही? आणि गाडी वर घ्या."

"पण दाजींना काय वाटेल?"

"वाटू दे काय वाटायचं ते. केक माझा आहे."

मालक मुकाट्याने गाडीखाली शिरले. कडी वर चढली आणि कित्येक दिवसांनी मी पाठ ताठ केली. मालकीणबाईंनी बोनेट उघडून आम्हा दोघांचे आणि डिकीतली चटई उचलून मागच्या दोघांचे नॉब मऊ केले. मग एका भांड्यात जेली घेऊन ते डिकीत ठेवलं आणि रस्त्यावरून गाडी फिरवून आणली. परत आल्यावर झाकण उघडून बघितलं. जेलीला तडा नव्हता. त्यांनी गाडीच्या टपावर दोनदा थोपटलं. त्या थोपटण्यासाठी मी आणखी दहा खड्डे हसत खाल्ले असते.

रविवार उजाडला. दाजी आणि त्यांची बायको, म्हणजे मालकांच्या ताई, केक बघायला आले. दाजींनी नवाकोरा क्रीम रंगाचा कोट घातला होता, कारण सभागृहात जाऊन व्यवस्थापक बाईंशी आपणच बोलायचं असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. अंगणात उंच झालेली गाडी बघून त्यांचं तोंड वाकडं झालं. बाकी सगळे स्वयंपाकघरात केकभोवती जमले होते. दाजींनी इकडेतिकडे पाहिलं, बोनेट उघडलं, डिकी उघडली, आणि चारही नॉब पुन्हा करकचून कडक केले. "म्हणे मऊ गाडी!" असं पुटपुटत त्यांनी बोटं रुमालाला पुसली.

मित्रांनो, माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. नॉब सांगेल तेवढंच मला करता येतं. ज्या बाईने मला निवडलं, तिचा केक आता आम्ही चौघं मिळून फोडणार होतो, आणि वर डबडंही आम्हीच ठरणार होतो.

मालकीणबाई बाहेर आल्या. डिकीत केक ठेवण्याआधी त्यांनी मागच्या बाजूला तळहाताने दाबून बघितलं. गाडी हलली नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग त्यांनी दाजींकडे पाहिलं, दाजींच्या हातातल्या काळपट रुमालाकडे पाहिलं. मागचे दोन नॉब त्यांनी मऊ केले. पुढे येऊन बोनेट उघडलं, चालवणाऱ्याच्या बाजूचा नॉब मऊ केला. मग त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. आला आणि थांबला. त्या क्षणभर विचारात पडल्या, आणि मला तसाच कडक ठेवून त्यांनी बोनेट लावून टाकलं.

असं कधी करू नये, मित्रांनो. एकीकडे कडक आणि एकीकडे मऊ हे गाडीला बरं नाही. पण त्या दिवशी मला जो आनंद झाला तो काय सांगू!

"दाजी, तुम्हीच चला ना माझ्याबरोबर," मालकीणबाई गोड आवाजात म्हणाल्या. "केकवर ओतायच्या चॉकलेट सॉसचं भांडं मांडीवर धरायला कुणीतरी भारदस्त माणूस हवा."

"चला की!" दाजी खूश झाले. "याला झाकण नाही का?"

"कोमट आहे ना, झाकलं तर वाफेचं पाणी पडतं आत. नीट धरा हं."

दाजी माझ्या बाजूच्या सीटवर बसले. गाडी निघाली. पहिला गतिरोधक आला. माझे तिघे भाऊ लोण्यासारखे खाली-वर झाले. मी नाही झालो. मी आलेला दणका जसाच्या तसा वर पाठवला. सॉसची एक लाट दाजींच्या बाहीवर गेली.

"वहिनी, हळू!"

"हळूच तर चाललेय. घट्टच बरी ना दाजी गाडी?"

आता यावर दाजी काय बोलणार! नको म्हणावं, तर आत्ताच केलेला उद्योग कबूल करावा लागणार. त्यांनी भांडं आणखी घट्ट धरलं. पुढे दगडी फरशीची गल्ली लागली. एकेक दगड मी मोजून मोजून वर पोचवला. हा लाथेचा! हा डबड्याचा! हा वाढदिवसाच्या केकचा! सॉस कोटावर गेला, विजारीवर गेला, एक शिंतोडा उडून भुवईवर बसला. सॉस कोमट होता, त्यामुळे भाजलं वगैरे काही नाही. शेवटी भांडं हलकं झालं आणि दाजी जड झाले.

सभागृहाच्या दारात व्यवस्थापक बाई उभ्या होत्या. त्यांनी दाजींना डोक्यापासून बुटांपर्यंत पाहिलं.

"हे कोण?"

"आमचे दाजी," मालकीणबाई म्हणाल्या. "गाडीचं सगळं तेच बघतात."

"आणि केक?"

"केकचं मी बघते." त्यांनी डिकी उघडली. तिन्ही मजले ताठ उभे होते. साखरेच्या फुलांची एक पाकळीसुद्धा हलली नव्हती. सॉसने भरलेली एक वेगळी बाटली, झाकण घट्ट लावलेली, केकच्या शेजारीच ठेवलेली होती.

दाजींनी त्या बाटलीकडे बघितलं, मालकीणबाईंकडे बघितलं, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. कोट कायमचा गेला.

केकचं दुकान आता चांगलं चालतं. मी म्हातारा झालो, थोडा गळतोही. लवकरच मला काढतील, आणि नवे कोणते घ्यायचे ते मालकीणबाईच ठरवतील. दाजी अजूनही गाडीत बसताना आधी सीट हाताने दाबून बघतात. एखादा म्हणेल, झालं गेलं विसरून जा. मी विसरलेलो नाही, आणि मला वाईटही वाटत नाही.

तेव्हा मित्रांनो, घरातली एखादी वस्तू नीट चालेनाशी झाली तर आधी तिला समजून घ्या. तिला आवळलंय कुणी, दाबलंय कुणी, ते बघा. मग बोला. लाथ तर मुळीच मारू नका. पुष्कळशा वस्तू निमूटपणे सोसतात, काही थोड्या माझ्यासारख्या असतात, आणि बाहेरून बघून तुम्हाला त्यातला फरक अजिबात कळणार नाही.