वकीलसाहेबांचे व्याही

वकीलसाहेबांचं ऑफिस घराच्या तळमजल्यावर होतं. वरून स्वयंपाकाचा वास खाली येई आणि खालून पक्षकारांची रडगाणी वर जात. त्या दिवशीही त्यांची लेक, म्हणजे धाकट्या वकीलबाई, नेहमीसारखी खाली आली. तिने खिडक्या उघडल्या, टेबल पुसलं. कप विसळताना तिच्या लक्षात आलं, की चहा पिऊन झालाय, पण त्यात साखर होती की नव्हती हे काही सांगता येत नाही.

लग्न ठरल्यापासून हे असंच चाललं होतं. मुलगा तिला आवडला होता. छान हसायचा, समोरच्याचं ऐकून घ्यायचा. तरी आई कपड्यांचे रंग दाखवी तेव्हा ही सगळ्यांनाच हो म्हणे. आई म्हणायची, लाजतेय. लेक लाजत नव्हती, ती बधिर झाली होती, आणि का ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मुलगा कागद कारखान्याच्या मालकाचा. त्याच कारखान्यात यंत्रात सापडून एक कामगार मेला होता, आणि त्याच्या बायकोचा मालकाविरुद्धचा खटला वकीलसाहेब चालवत होते.

यात लपवाछपवी म्हणावी, तर गावातल्या सगळ्या शहाण्यासुरत्यांना दोन्ही गोष्टी माहीत होत्या. त्यांनी येऊन अभिनंदनही केलं. आपल्या लोकांची रीतच आहे, वकील एकदा 'आपला' म्हटला की तो आणखी कुणाकुणाचा आहे हे विचारायचं नसतं. जिने विचारायला हवं ती, त्या कामगाराची बायको, लाँड्रीत दिवसभर उभी राहून इस्त्री करी, आणि तिच्यापर्यंत बातमी अर्धीच पोचली होती. त्यातून साहेब तिच्याकडून फी घेत नसत. धर्माच्या गाईचे दात मोजायला जाणार कोण?

सोयरीक जमली आणि खटल्याचं घोंगडं भिजत पडलं. यंत्राची संरक्षक जाळी मालकाच्या हुकमाने काढली होती, हे सांगायला शेजारच्या यंत्रावरचा सोबती तयार होता. त्याला साक्षीला बोलवायचा अर्ज लेकीनेच लिहिला होता. बाबा म्हणाले होते, "बघू." ते अजून बघतच होते. आणि आता समझोत्याचा मसुदा तयार होता. भरपाई बरी मिळणार होती. फक्त त्यात एक वाक्य होतं, की मयत इसम कामावर दारू पिऊन आला होता.

इस्त्रीवाली आली ती हसतच. पिशवीतून तिने घडी केलेली एक शाल काढली.

"वकीलताई, लग्न ठरलं म्हणे. मीच विणलीय, गोड मानून घ्या. कुठले लोक?"

लेकीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी चष्मा पुसला.

"आहेत, चांगले लोक आहेत," ते म्हणाले. "मी कोर्टात जाऊन येतो. तू हिला वाचून दाखव आणि सही घे."

दार लागलं. लेकीने मसुदा वाचायला घेतला. आवाज आपलाच आहे हे तिला कळत होतं, पण तो दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. ते वाक्य आलं, तसं बाईने तिला थांबवलं.

"पण ते पीत नव्हते हो. कधीच नाही."

"माहीत आहे, वहिनी."

"सासूबाईंना हे वाचून दाखवलं तर त्या अंथरूण धरतील." तिने शालीची घडी सारखी केली. मग म्हणाली, "साहेबांनी वाचलंय ना? मग त्यांनी काही विचार करूनच लिहिलं असेल. द्या पेन."

आणि तिने हात पुढे केला. इस्त्रीने भाजल्याचा जुना डाग होता त्यावर. कुंपणाने शेत खावं आणि शेताने कुंपणाचे आभार मानावेत, असं ते होतं. लेकीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं. तिला लाज वाटली.

तिने पेन दिलं नाही.

"वहिनी, माझं लग्न कारखान्याच्या मालकांच्या मुलाशी ठरलंय."

बाईचा हात तसाच टेबलावर राहिला. तिने विचारलं, "कधी ठरलं?"

"थंडी पडायला लागली तेव्हा."

"तेव्हापासून मी किती खेपा घातल्या. तुम्ही चहा द्यायचात."

"हो."

"साहेब वाईट नाहीत," बाई म्हणाली. हे ती कुणाला समजावत होती, तिचं तिलाच कळलं नसावं.

"नाहीत. पण यात ते तुमचे राहिलेले नाहीत. हे त्यांनी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, आणि खटला सोडायला हवा होता. मीही सांगायला हवं होतं."

"मग तुम्ही चालवा."

"मला नाही चालवता येणार. मी तर त्यातलीच आहे."

बाईने शाल उचलून पिशवीत ठेवली. रागाने नाही; दुकान बंद करताना माल आत घ्यावा तशी. लेकीने शेजारच्या शहरातल्या एका वकीलबाईंचं नाव सांगितलं आणि खटल्याचे सगळे कागद बांधून दिले. साक्षीचा अर्ज सगळ्यात वर ठेवला.

साहेब परतले तेव्हा बाई दारातच होती.

"झाली सही?"

"नाही," लेक म्हणाली. "तुमचे व्याही कोण ते मी त्यांना सांगितलं."

"अगं, त्यात लपवण्यासारखं काय होतं? सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग यांना का नाही सांगितलंत, बाबा?"

साहेबांनी फाइल खाली ठेवली, पुन्हा उचलली. "ते लोक आता काय म्हणतील, कळतंय का तुला? लग्न मोडेल."

"मीच त्याला फोन करणार आहे. तो ऐकून घेतो. बघू."

साहेबांनी इस्त्रीवालीकडे पाहिलं. "बाई, मी तुमच्याकडून कधी एक पैसा घेतला का?"

"नाही घेतलात," ती म्हणाली. तिने पायात चपला सरकवल्या आणि लेकीकडे वळून विचारलं, "त्या वकीलबाई, ज्यांचं नाव दिलंत, त्या कुणाच्या कोण लागतात?"

"कुणाच्याच नाही. माझ्या माहितीत तरी."

"बरं," बाई म्हणाली. "मी गेल्या गेल्या त्यांनाच विचारीन."