माझ्यातला खोटा तांब्या

मी एक जुनं चित्र आहे. सुरतेला, भेस्तान भागातल्या एका बालवाडीच्या माळ्यावर गुंडाळून पडलेलं. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडलाय. कुरतडू दे! मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. सगळं ऐकलंत तर तुम्हीच म्हणाल, याचं हेच व्हायला हवं होतं.

माझा जन्म १९९४च्या दिवाळीनंतरचा. त्याआधी सुरतेत प्लेग आला होता. आमची गल्ली खानदेशातून आलेल्या कामगारांची. भीतीने सगळे मिळेल त्या गाडीने गावी पळाले. परत आले, तर कुणी कुणाशी धड बोलेना. म्हणून बालवाडीच्या हर्षदाताई साड्या छापणाऱ्या काशिनाथला म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवसांचं एक चित्र काढा. लोक बघतील, मनात येईल ते लिहितील. जरा मोकळे होतील."

काशिनाथने छपाईतून बाद झालेलं कापड आणलं, उरलेले रंग आणले आणि मला काढलं. सामसूम गल्ली, दारादाराला कुलूप. एकच दार उघडं. आत खाटेवर म्हातारी सुंदराबाई, आणि तिच्या ओठांना तांब्या लावून बसलेला खुद्द काशिनाथ.

सुंदराबाई त्याच दिवसांत तापाने गेली होती. तिची विधवा सून मंदा तेव्हा आजारी आईला बघायला पारोळ्याला गेली होती, सासूला शेजारच्या काशिनाथच्या भरवशावर सोडून.

दर रविवारी दुपारी लोक माझ्यासमोर बसून चार ओळी लिहायचे. ज्यांना लिहिता येत नसे ते सांगायचे, ताई उतरवून घ्यायच्या. मंदाने सांगितलं, "जाताना माझ्या सासूच्या ओठांना पाणी लागलं. म्हणून माझ्या गळ्याखाली घास उतरतो." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मंदा काशिनाथला आमच्या अहिराणी वळणात म्हणाली, "भाऊ, तुमना उपकार कसा फेडू?"

आणि मी? काय सांगू, मित्रांनो! तो तांब्या खोटा होता. काशिनाथ पहिल्याच गर्दीत पळाला होता, त्या धावपळीत ते कुणी पाहिलं नव्हतं. मला रंगवताना तांब्यापाशी आला की तो "सुंदराबाई, माफ कर" असं पुटपुटायचा, म्हणून मला तेव्हाच कळलं होतं. तरी लोक "काय जिवंत चित्र आहे!" म्हणायचे आणि मला ते गोड लागायचं. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. या सणाला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. मंदा नवी घागर घेऊन बालवाडीत आली आणि सगळ्यांदेखत काशिनाथला म्हणाली, "शेवटचं पाणी तुम्ही पाजलं. घागरही तुम्हीच भरा."

काशिनाथने घागरीला हात लावला नाही. "वहिनी, मी नाही पाजलं," तो म्हणाला. "ती आत पाणी पाणी करत होती. मी ऐकलं आणि पळालो. आमच्या छपाईत साडीवर डाग पडला की त्यावर फूल काढतात, माल पास होतो. मीही तेच केलं."

मंदाने घागर खाली ठेवली. काशिनाथ कुंचला घेऊन चित्रातल्या स्वतःला पुसायला पुढे झाला, तशी ती कडाडली, "पुसायचं नाही! पुसलं म्हणजे सुटलात. दाराबाहेर काढा स्वतःला. पाठमोरे, हातात पिशवी घेतलेले."

त्याने रडत रडत तसंच काढलं. मग मंदाने ताईंना आपली जुनी ओळ खोडायला लावली आणि नवी सांगितली, "माझी सासू तहानलेली गेली. मीही तिथे नव्हते." तिच्या मागून गल्लीतल्या रामदासने लिहिलं, "मीही पळालो." मग निंबाने लिहिलं, भिकनने लिहिलं. त्या दिवशी गल्ली पहिल्यांदा एकमेकांशी खरं बोलली.

मित्रांनो, चित्रं जरूर काढा, त्यांच्यापुढे बसून लिहा, त्यांना धुळीपासून, उंदरांपासून जपा. पण हात जोडून सांगतो, आमच्या अंगावर खोटं रंगवू नका. आम्हाला ते अंगावरून पुसता येत नाही, आणि कुणी त्याच्यापुढे हात जोडले तरी गप्प राहावं लागतं.

त्या दिवशी लोक उठून जायला लागले तरी घागर कोरडीच होती. मंदाने ती काशिनाथपुढे सरकवली. म्हणाली, "आता भरा. माझी सासू अजून तहानलेलीच आहे."