कोरसच्या आधी पळणारी ढोलकी

कॅम्प दोनच्या वस्तीत जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या खोलीत महेंद्रचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणायचं आपलं. खालच्या मशिनी सुरू झाल्या की वरचं रेकॉर्डिंग बंद. यंदाच्या भीमजयंतीच्या गाण्याला मात्र त्याने ढोलकीवर वडिलांनाच बसवलं. शंकररावांची ढोलकी एके काळी अंबरनाथ-बदलापुरातल्या प्रत्येक गायन पार्टीला हवी असायची. अर्धांगाचा झटका आल्यापासून मात्र त्यांनी तिला हात लावला नव्हता.

त्यांनी वाजवलं. उजवा हात ठीक होता, डावा दर वेळी मागे राहत होता. ऐकताना महेंद्रला भरून आलं.

"असंच ठेवू, पप्पा. याच्यात फील आहे."

शंकरराव तडकले. "लुळ्या हाताला फील बोलतो? जन्मात कधी लेट वाजवलं नाय मी. मिरवणुकीत लोकं काय बोलतील, शंकर लंगडला? तुझं ते मशीन आहे ना, करून टाक सरळ."

महेंद्र वरमला. आपल्याला गोड वाटली ती वडिलांची लाज होती, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याने ठोके तालात सरळ करणारं क्वांटाइझचं बटण दाबलं. पडद्यावरचा एकेक ठोका मुकाट्याने आपापल्या रेघेवर जाऊन बसला.

तेवढ्यात महेंद्रची आई चांगुणाबाई नवऱ्याचा डबा घेऊन आल्या. त्यांनी वाजत असलेलं गाणं घटकाभर ऐकलं.

"कोण वाजवतंय? चांगलं वाजवतो हा पोरगा."

शंकररावांचा चेहरा उतरला. महेंद्रला आईचा रागच आला, पण तिचं काय चुकलं होतं?

"पप्पा आहेत ते," तो म्हणाला.

"छे. हे कोरसच्या आधी पळायचे. पार्टीवाले ओरडून दमले, शंकर, थांब."

"मी कधी पळालो?" शंकरराव म्हणाले.

"कायम."

महेंद्र उठला. वडिलांच्या पार्टीची जुनी कॅसेट त्याने मागेच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती. त्या वाजवण्यात कुठला ठोका कधी पडतो, तेवढं त्याने उचललं आणि आजच्या ठोक्यांना लावलं. आवाज आजच्याच हातांचा, चाल मात्र तेव्हाची. खरं तर हे त्याला आधीच सुचायला हवं होतं, पण पोराला बापाची कीव करण्यातून सवड मिळाली तर ना.

गाणं लावलं. कोरस तोंडावर आला आणि ढोलकी पळाली.

"अहो, थांबा की जरा," डबा उघडता उघडता चांगुणाबाई बोलून गेल्या.

शंकरराव हसले. त्यांचा डावा हात मांडीवर ताल धरत होता, पण मागे मागेच. त्यांनी तो उजव्या हाताखाली दाबून धरला आणि म्हणाले, "परत लाव."