अहो म्हणणारा साहेब

गोदावरी रोज संध्याकाळी घटकाभर साहेब व्हायची. भाकऱ्या झाल्या की पदराला हात पुसून ती धान्याच्या पेटीवर बसायची आणि तिचा नवरा एकनाथ तिच्यापुढं हात बांधून उभा राहायचा. ‘व्हाय हॅज द वर्क फॉलन ऑफ,’ म्हणजे काम का घटलं, असं ती त्यानंच पाठ करून दिलेल्या इंग्रजीत दरडावून विचारायची, आणि साहेब जिथं ‘एकनाथ’ म्हणेल तिथं नेमकी अडायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते मंगळागौरीला, उखाण्यात. असं उठसूट कसं घेणार? मग ती म्हणायची, ‘अहो.’ व्हाय हॅज द वर्क फॉलन ऑफ, अहो. सोलापुरात तेव्हा गोरे साहेब होते थोडेफार, पण कारकुनाला अहो म्हणणारा हा एकच.

हा खटाटोप सगळा पोटासाठी. मंदीनं कापडगिरणीतले निम्मे साचे, म्हणजे माग, झाकून ठेवले होते. हजेरीखात्यातला एक कारकून कमी होणार होता, आणि तो कोण, हे एकनाथाला कुणी सांगावं लागत नव्हतं. त्याच सुमाराला हेडक्लार्क गंगाधरपंत नोकरीतून मोकळे व्हायचे होते. विणकामाचा नवा साहेब विलायतेहून आलेला. त्याला आपलं बोलणं झेलून साचेखात्यात जसंच्या तसं पोचवील असा माणूस पंतांच्या जागी हवा होता. ती जागा मिळाली तर घर तरलं. नाहीतर चाळिशी उलटलेल्या कारकुनाला अख्ख्या भवानी पेठेत कोण विचारतो?

कागदावरचं इंग्रजी एकनाथाला येत होतं. घोडं अडायचं ते साहेबाच्या तोंडच्या जोडशब्दांपाशी. शेजारच्या यज्ञेश्वर मास्तरांनी त्याला समजावलं होतं, की पुढचं क्रियापद म्हणजे घरातला कर्ता पुरुष आणि मागचं चिमुकलं अव्यय म्हणजे त्याची बायको. कर्ता कितीही मोठ्यानं बोलला तरी घर कुणीकडं जायचं ते तीच ठरवते. इंग्रजांची ही गोष्ट गोदावरीला फार शहाणपणाची वाटली.

मग सराव सुरू झाला. कॅरी आउट म्हणजे हुकूम पार पाडणं, पुट ऑफ म्हणजे पुढं ढकलणं, ब्रेक डाउन म्हणजे साचा बंद पडणं, पुट अप विथ म्हणजे सोसणं. हा शेवटचा त्याला एका बैठकीत पाठ झाला. गोदावरी कधी साचे बंद पाडायची, कधी माणसं उशिरा आणायची, कधी तयार कापड डागाळून परत पाठवायची, आणि प्रत्येक संकटात एकनाथानं इंग्रजीत उत्तर द्यायचं. दूध घालायला आलेली फुलाबाई दारातच थबकली. ‘वयनी, ह्यो साहेब लई गरीब दिसतोय की,’ ती म्हणाली. ‘हाताला पीठ हाय त्याच्या.’ एकनाथाला हसू आवरेना. त्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी हसलं नव्हतं.

साहेबानं बोलावलं त्या दिवशी त्यानं धुतलेला कोट घातला. आणि गिरणी सुटायचा भोंगा व्हायच्या आतच तो घरी परत आला. कोट खुंटीला लावून भिंतीकडं बघत बसला. काय झालं ते तिला तुकड्यातुकड्यानं कळलं.

साहेबानं समोर खुर्ची ठेवली होती. तो म्हणाला, ‘सिट डाउन.’ एकनाथाला कळलं. न कळायला काय झालं? पण टेबलाच्या कडेला गंगाधरपंत उभे होते, हातात कागद घेऊन, नेहमीसारखे. त्यांनीच एकनाथाला गिरणीत चिकटवलेलं. त्याच्या लग्नात वडिलांच्या जागी तेच उभे राहिलेले. म्हातारा माणूस उभा असताना आपण खुर्चीत कसं टेकायचं? एकनाथ नुसता हसला आणि हात जोडले. साहेब पुन्हा म्हणाला, जरा सावकाश. मग आणखी एकदा, खुर्चीकडं बोट करून, बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडून. एकनाथानं तोंड उघडलं, पण त्याच्याजवळची सगळी वाक्यं साच्यांची आणि सुताची होती. ह्यासाठी एकही नव्हतं. साहेब पंतांना हळूच काही बोलला आणि पुढचं काही न विचारता त्यानं नकाराची मान हलवली.

गोदावरीला रागवायचं होतं, पण कुणावर ते सुचेना. तिच्या साहेबानं तरी त्याला कधी बस म्हटलं होतं?

पंतांच्या जागी पुण्याचा एक तरुण येणार, आणि हजेरीखात्यातून नाव कमी झालं ते एकनाथाचंच, हे त्याच आठवड्यात कळलं. रविवारी पंत स्वतः समाचाराला आले. पाटावर बसले, चहा घेतला. एकनाथ खांबाला टेकून उभा.

‘अरे, पहिल्या धड्यातलं रे ते,’ पंत कळवळून म्हणाले. ‘साहेब मला म्हणतो, ह्याला एवढंही कळत नाही.’

‘चुकलंच, पंत.’

गोदावरी आतल्या दारात होती. तिला राहवलं नाही. ‘चुकलं नाही,’ ती म्हणाली. ‘तुम्ही उभे होता, म्हणून बसले नाहीत.’

पंतांची बशी ओठांशीच राहिली. त्यांनी एकनाथाकडं पाहिलं. तो खाली बघत होता.

‘सूनबाई,’ ते म्हणाले, ‘केस काळे होते तेव्हापासून मी त्या खोलीत उभाच आहे. ते कुणाच्या ध्यानात येत असेल असं मला वाटलं नव्हतं.’

‘मग साहेबाला तेवढं सांगाल?’

पंतांनी बशी खाली ठेवली. सांगावंसं त्यांना वाटत होतं, हे तिला दिसलं. ओठ हललेसुद्धा. मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

‘कसं सांगू? त्याला वाटेल, म्हातारा जाता जाता खुर्ची मागतोय.’

पंत उठले. एकनाथ त्यांची छत्री घेऊन पेठेच्या कोपऱ्यापर्यंत त्यांना पोचवून आला.

महिना संपल्यावर तो कानडी मुलखाच्या कडेला, दुधनीला जाणार होता. तिथल्या एका आडत दुकानात लिहिणारा माणूस हवा आहे, असं पंतच जाताना सांगून गेले. इंग्रजीचा तिथं काही संबंध नाही, सगळा व्यवहार कानडीत चालतो, म्हणाले. एकनाथाला कानडीचं अक्षर येत नव्हतं. गोदावरीलाही येत नव्हतं.