माझी घडी कोणी मोडेना

मित्रांनो, मी एक जुना चपान आहे. इतकी वर्षं होऊनही मी अगदी परवापरवापर्यंत नवाकोरा दिसत होतो, आणि तेच माझं दुःख होतं.

चपान म्हणजे थोरामोठ्यांच्या खांद्यावर मानानं घालायचा पायघोळ झगा. माझा जन्म दूरच्या डोंगराळ मुलुखात, नारीन नदीच्या खोऱ्यातल्या एका शाळेत झाला. बाहेरून मी काळ्याभोर मखमलीचा, काठाला सोनेरी वेलबुट्टी. पण माझं खरं वैभव आत आहे. माझं अस्तर दहावीच्या मुलांनी घरून आणलेल्या तुकड्यांचं आहे. कुणी आजीच्या पडद्याचा लाल ठिपक्यांचा तुकडा आणला, कुणी फाटक्या दुलईचा. तालगात नावाच्या मुलानं बापाच्या जुन्या सदऱ्याची बाही आणली. सगळं जोडून झाल्यावर मुलांनी मला सायराकान एजेंच्या खांद्यावर घातलं. एजे म्हणजे ताई. आमच्याकडे शाळेतल्या बाईंनाही तसंच म्हणतात. या एजे इंग्रजी शिकवायच्या.

मला शिवताना मुलं त्यांच्या गोष्टींशिवाय दुसरं काही बोलतच नव्हती. वर्गातली शेगडी थंड पडली की एजे मुलांना उभं करून इंग्रजीत बाजार भरवायच्या. घासाघीस करता करता पोरं गरम व्हायची. मेंढ्या वितात त्या दिवसांत धनगरांची मुलं शाळेत येऊ शकत नसत, तेव्हा एजेच घोड्यावर बसून डोंगरात जायच्या. तालगात बोलताना अडखळायचा. वर्ग हसू लागला की एजे हात वर करून म्हणायच्या, "घाई नाही. आम्ही थांबतो." आणि त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत खरोखर थांबायच्या.

अशा बाईंच्या अंगावर मी झिजणार म्हणून मी हरखलो होतो. पण घरी त्यांच्या सासूबाईंनी, उलकान आपांनी, माझा काठ चाचपून पाहिला.

"इतका भारी चपान रोज घालतात का, सूनबाई? ठेव. कुणाला तरी द्यायला होईल."

पेटीचं झाकण पडलं. वर दुलयांची चळत चढली.

पुढे नणंदेचं लग्न ठरलं. व्याही आले, आणि आपांनी मला काढून सरळ त्यांच्या खांद्यावर घातलं. सासूपुढे सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. एजे व्याह्यांना चहा द्यायला वाकल्या, तेव्हा त्यांनी माझ्या काठाखालून एक बोट फिरवलं. लाल ठिपक्यांवर ते जरासं थांबलं. मग त्या किटली घेऊन आत गेल्या.

तिथून माझा वनवास सुरू झाला. व्याह्यांनी मला आपल्या व्याह्यांना दिलं, त्यांनी गुरांच्या डॉक्टरला, डॉक्टरनं आणखी कुणाला. घर बदलायचं, पेटी बदलायची, वाक्य मात्र तेच: "ठेव. द्यायला होईल." दोन्ही बाह्या छातीशी घडी केलेल्या, नाकात कडू दवण्याचा वास आणि वर मणभर दुलया. मानाची वस्तू म्हणे! कैदी तरी कधी अंगणात फिरतो.

फिरत फिरत मी तालगातच्याच घरी पोचलो. मला वाटलं, सुटलो! त्याची आई तरी आपल्या नवऱ्याच्या सदऱ्याची बाही ओळखेल. पण घडी न मोडता ती दिसणार कशी?

एकदा ती पेटीला टेकून शेजारणीला सांगत होती, "माझं पोरगं परदेशी पाहुण्यांना डोंगर दाखवतंय ना, ते केवळ एजेंमुळे. नाहीतर त्याच्या तोंडून 'आई' निघेपर्यंत चहा निवायचा!"

"मग हे एजेंना सांगितलंस का?"

"अगं, त्यात सांगायचं काय? त्यांना ठाऊक असेलच."

मी आतून ओरडत होतो, 'सांग ना गं बाई!' पण चपानाचं कोण ऐकतं? मला फार वाईट वाटलं. घरोघरी मी एजेंचं कौतुक ऐकलं होतं, आणि ते माझ्यासारखंच कोंडलेलं होतं.

शेवटी मी शाळेचे मुख्याध्यापक दोलोत अगाय, म्हणजे दोलोत गुरुजी, यांच्या पेटीत आलो. शाळेनं एजेंचा सत्कार ठरवला, तेव्हा अगायांची बायको म्हणाली, "विकत कशाला आणता? घरात एक पडलाय की. नवाच आहे."

भर सभेत अगायांनी मला एजेंच्या खांद्यावर घातलं. एजेंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी काठाखालून बोट फिरवलं आणि माझा एक पदर उलटला. लाल ठिपके दिसताच त्या खुर्चीत टेकल्या.

"काय झालं, एजे? कसर लागलीय का?" अगाय घाबरले.

"हा... हा माझाच आहे."

अगायांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कुणीतरी म्हणालं, "आमच्याकडे होता की हा!" "आमच्याही!" सगळी सभा हसली, आणि मग एकेकाची मान खाली गेली. तालगातच्या आईनं तर पुढे येऊन अस्तरातली ती सदऱ्याची बाही हातात धरली आणि ती रडू लागली. "मीसुद्धा ठेवूनच दिला, एजे. चपान पण, आणि बोलायचं होतं तेही." मग पेटीला टेकून सांगितलेलं सगळं तिनं आता एजेंना सांगितलं.

एजेंनी बोलायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मागच्या रांगेतून एक दाढीवाला माणूस उठला. तो तालगात होता.

"घाई नाही, ए... एजे," तो म्हणाला. "आम्ही थांबतो."

संध्याकाळी घरी थकलेल्या उलकान आपा वाटच पाहत होत्या. "काढ तो. नीट घडी घाल. ठेव, कुणाला तरी..."

माझा जीव मखमलीत गोळा झाला.

"दिलाय ना, आपा," एजे शांतपणे म्हणाल्या. "मला दिलाय."

दुसऱ्या दिवशी त्या मला घालून वर्गात गेल्या, आणि रोजच जाऊ लागल्या. आता माझ्या मखमलीत खडू बसलाय, सोनेरी वेल उसवलीय, आणि शेगडीच्या ठिणगीनं एक भोक पडलंय. मित्रांनो, मी फार सुखात आहे. तुमच्या घरी चपान नसेल, पण कुणाबद्दल मनात घडी घालून ठेवलेला चांगला शब्द असेलच. तो ज्याचा त्याला नेऊन द्या. पेटीत तो टिकतो, पण कुणाला ऊब देत नाही.

काल माझं कोपर फाटलं. एजेंनी वर्गातच ठिगळ लावलं. त्यासाठी कापड आणलं होतं तालगातच्या मुलीनं, घरून.